पुरे म्हणणारं औषध

दुपारी तीनच्या सुमारास रेवती प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. चार वाजता संचालकांना सांगायचंय, एक्केचाळीस नंबरचं संयुग पुढे न्यायचं की सोडायचं. मधुमेह्यांसाठी तीन वर्षं खपून तिनं ते घडवलंय. जेवण झालं की आतड्यातून एक संप्रेरक निघतं आणि मेंदूला 'पुरे' असं कळवतं. तिचं संयुग मेंदूत तो निरोप घेणाऱ्या रिसेप्टरवरच जाऊन बसतं. बसतं ते मात्र उठतच नाही. उंदरांनी खाणं सोडलंय. सकाळी दोन गेले.

एसीचा आवाज लांब जातो. ती उंदरांच्या खोलीचं दार ढकलते, तर आत सांगलीच्या वसतिगृहाची मेस. पोरांची पंगत बसलीय आणि अण्णा वाढताहेत. तिचे वडील, जन्मभर इथले आचारी. साखरेच्या दुखण्यानं त्यांना जाऊन चार वर्षं झाली, हे तिला ठाऊक आहे. तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

"ये, बस की."

"अण्णा, तुमच्या हातातली शिऱ्याची वाटी मी हिसकावली होती. त्यानंतर तुम्ही..."

"साखर चारशेवर होती. हिसकावशील नाहीतर काय करशील?" ते हसतात. "चिडलो, ते तेवढ्यापुरतं. संध्याकाळी विसरलोसुद्धा."

चार वर्षं छातीत घट्ट बसलेलं काहीतरी सैल होतं. पंगत आता प्रयोगशाळेच्या ओट्यालगत बसलीय, काचेच्या नळ्यांमधून आमटीची वाफ निघतेय.

"तुमच्यामुळंच हे औषध हाती घेतलं. आणि उंदीर मरताहेत."

"मग थांबव."

"तीन वर्षं गेली हो त्यात!"

"असू दे. पोरं पानावर हात आडवा धरतात, पुरे म्हणतात. मला बरं वाटतं, कारण रात्री परत भुकेली येतात. तुझ्या औषधानं परत भूकच लागत नाही."

"म्हणजे काही तासांनी ते आपोआप सुटायला हवं..." ती पुटपुटते. "त्याला तिथं धरून ठेवणारी रेणूची शेपटी आखूड करायला हवी."

"ते तुझं तू बघ. आ कर." अण्णा शिऱ्याचा घास पुढे करतात.

साडेतीन. रेवती ताठ बसते, फाइल ओढते आणि एक्केचाळीससमोर लिहिते : बंद. खाली नवा आराखडा काढायला घेते. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. जिभेला काहीतरी टोचतं, म्हणून ती ते बोटावर काढते.

वेलदोड्याचं साल. ओलं, नुकतं चावलेलं.