मोकळा खुंट

परमेश्वराने जगातली झाडं अर्धवट सोडून दिली असून ती पुरी करण्याचं काम आपल्या चाकूकडे सोपवलं आहे, असा माझ्या थोरल्या साडूंचा, म्हणजे भाऊजींचा, पक्का समज होता. अचलपूरच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग होती आणि कोटाच्या आतल्या खिशात कायम कलमाचा चाकू. जंबेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं, काटेरी रोप वाढवायचं, त्याच्या सालीत संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवायचा आणि वरून केळीचं सोपट बांधायचं, हे त्यांचं आयुष्य. या जंबेरीच्या रोपाला खुंट म्हणतात. डोळा न भरलेला मोकळा खुंट दिसला की, घरात लग्नाची मुलगी असलेल्या बापासारखं त्यांना अन्न गोड लागत नसे. मग तो खुंट कुणाचा, कुठला, मालक घरी आहे की नाही, हे प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होते.

अकोल्याला आमच्याकडे आले की ते आधी परसातल्या लिंबाशी बोलत, मग माझ्या बायकोशी आणि चहा पार निवल्यावर माझ्याशी. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही तेल्हाऱ्याला गेलो. मुलगी आली, पोहे आले, प्रश्नोत्तरं झाली. भाऊजी मात्र विहिरीजवळच्या एका झाडाच्या बुंध्यावर अंगठा दाबत उभे. परतताना मी विचारलं, "कशी वाटली मुलगी?"

"पोरगी चांगली हाय," ते म्हणाले, "पन ते लोक झाडाच्या बुडाशी पानी तुंबवून ठेवतात. असे लोक जावयाले का सांभाळतील?"

सोयरीक तिथेच मोडली. शिव्या मी खाल्ल्या, कारण ओळख माझी होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि परिषदांना मोठा बहार आला होता. मी शेतकी खात्यात कारकून. अकोल्याला फळबागांचं संशोधन आणि प्रत्यक्ष व्यवहार यांवर परिषद भरवायची ठरली, तेव्हा कार्यक्रमपत्रिका माझ्या गळ्यात पडली. संशोधनाला दीड दिवस आणि व्यवहाराला पंधरा मिनिटं, अशी ती वरून ठरून आली होती. त्या पंधरा मिनिटांना 'बागाईतदारांचे प्रश्न' असं नाव होतं, आणि तेवढ्यासाठी भाऊजी अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून अकोला असे येऊन थडकले.

त्यांच्या बागेला डिंक्या लागला होता. या रोगात बुंध्याची साल फुटते, डिंक गळतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. वडिलांनी लावलेली निम्मी बाग गेली होती. "मले एकच इचाराचं हाय," ते मला म्हणाले. "उरलेली वाचते का नाई. बस. तुमच्या भाषनायचं तुमी पाहा."

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. मग स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय झाला. पाहुण्यांनी बालपणी खाल्लेल्या एका संत्र्याची आठवण अर्धा तास सांगितली. बागाईतदारांची पंधरा मिनिटं आभारांच्या पोटात गडप झाली. मी भाऊजींची समजूत घालायला शोधू लागलो, तर खुर्ची रिकामी. तेवढ्यात प्रवेशद्वारावरची केळीची कमान एका अंगाला कलली.

मी धावत गेलो. कमानीच्या एका खांबाची सोपटं कुणीतरी व्यवस्थित सोलून नेली होती. बाजूच्या प्रदर्शनाच्या मांडवात पहिल्या बक्षिसाच्या संत्र्याच्या फांदीवर आता फक्त बक्षिसाची चिठ्ठी उरली होती. आणि पुण्याहून आलेल्या संशोधक डॉक्टरसाहेबांच्या बारा कुंड्यांतल्या बाराही जंबेरींना डोळे भरून झाले होते. बाराव्या कुंडीशी भाऊजी उकिडवे बसून गाठ आवळत होते.

"भाऊजी! पाटी दिसली नाही? 'हात लावू नये' लिहिलंय!"

"दिसली ना. ते पाहुण्यायसाठी हाय. आमी बागवाले."

मागून डॉक्टरसाहेब आले. "दोन वर्षं!" ते ओरडले. "दोन वर्षं मी यांना चाकू लागू दिला नाही! कलम न केलेला खुंट कसा वाढतो, तेच तर मोजायचं होतं!"

"तेच म्हनतो मी," भाऊजी म्हणाले. "दोन वर्सं मोकळे काहून ठेवले बिचारे?"

माझी नोकरी डोळ्यांपुढून जाताना मी पाहिली. डॉक्टरसाहेब सोपट सोडायला खाली वाकले आणि थांबले. "डोळा इतका वर का बसवलात?"

"आमच्या बापानं मातीले लागून भरले. डिंक तिथूनच गळून राहिला. म्हून मी आता वीतभर वर चढवतो. बरोबर का चूक, कोनी सांगतच नाई."

डॉक्टरसाहेब इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसले. "बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "नवी झाडं वाचतील. जुन्यांवर डिंक कुठवर आलाय?"

"बुंध्याच्या भोवताल. बहुतेकायले."

"मग ती वाचायची नाहीत. मुळासकट काढा आणि जाळा."

"सगळी?"

"सगळी."

भाऊजींनी चाकू धोतराला पुसला, मिटला आणि खिशात ठेवला. "बरं झालं सांगतलं," ते म्हणाले. "एवढंच इचाराले आलो होतो."

परिषदेच्या अहवालात याचा एक शब्द नाही. पाहुण्यांचं बालपणीचं संत्रं मात्र दीड पान आहे. प्रयोगाच्या कामातून गेलेल्या त्या बारा कुंड्या डॉक्टरसाहेबांनी भाऊजींनाच देऊन टाकल्या. बाग त्यांनी स्वतः उभं राहून काढली. मी गेलो होतो. दिवसभर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांनी गप्प बसावं म्हणून इतकी वर्षं देव पाण्यात घातलेल्या मला ते मुळीच सोसलं नाही. बारा रोपांपासून नवी बाग सुरू झाली. तिने पहिला बहार धरला, त्या वर्षी भाऊजी नव्हते.

आमच्या परसात लिंबाशेजारी एक जंबेरी आपोआप उगवली आहे. बोटाएवढी जाड झाली. बायको म्हणते, काट्याची आहे, काढून टाका. मी ती तशीच मोकळी ठेवली आहे. चहा आता मला गरम मिळतो. पण कप हातात घेतला की मी जरा थांबतो, कुणीतरी छोट्या गाडीने येईल, आधी जंबेरीशी बोलेल आणि मग मला विचारेल, "मोकळी काहून ठेवली इतके दिवस?"