ऊनझरीच्या कुंडातली फुगडी

माझी पणजी मैनाबाई फुगडीत कधी हरली नव्हती. भातकुलीत कोणाकडेही लग्न असले की तिला बोलावणे यायचे. समोरची बाई चार फेऱ्यांत पतंगासारखी तरंगायची आणि शेवटी हात सोडून मांडवाच्या खांबाला मिठी मारायची. मैनाबाई जागच्या जागी थांबून पदर सावरायची आणि विचारायची, "आता कोन येते?"

ही हकिकत मला आजीने, म्हणजे मैनाबाईच्या मुलीने, वच्छलाने सांगितली. मी ती वहीत चार वेळा, चार वेगळ्या वर्षी लिहून घेतली आणि ताडून पाहिली. माणसे, गावे, महिने कधी बदलले नाहीत. फुगडीचे फेरे तेवढे दर वेळी वाढले. इथे मी पहिल्या नोंदीतला आकडा धरला आहे.

साल इंग्रजी १८६४चे. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती. काळ्या मातीत जन्म काढलेली शहाणीसुरती माणसे त्या दोन-तीन वर्षांत थोडी सैल झाली होती. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. भातकुलीत एकाने घर बांधायच्या आधीच काचेचे झुंबर आणले आणि जागा नव्हती म्हणून गोठ्यात टांगले. त्याची म्हैस पुढे कितीतरी दिवस वर पाहतच रवंथ करायची.

माझे पणजोबा खुशालराव यांनी फेटा घेतला.

अमरावतीच्या बाजारात त्यांना एक डाळिंबी रेशमी कापड दिसले. दोन्ही बाजूंना बोटभर नव्हे, चांगला वीतभर जरीचा काठ. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "पाटील, हे लुगड्याचं कापड होय."

"मंग?" खुशालराव म्हणाले. "डोकं माहं, कापड माहं. तुले काय करा लागते?"

ते तसेच डोक्याला गुंडाळून घरी आले. अठरा हातांचे ते कापड, त्यामुळे डोके कुठे संपते आणि फेटा कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. मैनाबाईने त्यांना दारातच थांबवले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाली, "चांगलं दिसते. कुकू लावू का?"

त्याच वर्षी मार्गशीर्षात वच्छलाचे लग्न अकोटला ठरले. कुंकू लावायला सासरची मंडळी आली, त्यांत मुलाची आई पार्बताबाई होती. अंगाने बारीक, चालीने भरभर आणि जिभेने त्याहून भरभर. चार मुलगे, मुलगी नाही. जेवणे झाल्यावर ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, "एक सांगून ठेवतो, इहीनबाई. आमच्याकडे पहिलं वरीसभर सून माहेरी जात नाही."

मैनाबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. वच्छला एकुलती एक. "आखजीले तरी धाडसान ना?" तिने विचारले. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखातला सण. त्या सणाला झाडून सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधतात. ज्या घरचा झोका रिकामा, त्या घरची आई पंधरा दिवस कोणाशी धड बोलत नाही.

"आखजी नाही अन् पोळा नाही," पार्बताबाई म्हणाली. मग अडकित्ता थांबवून हसली. "तुमची फुगडी लई मोठी म्हन्तात. मांडवात माह्यासंगं खेळा. माहा हात सुटला तर आखजीले महिनाभर पोरगी तुमची. तुमचा सुटला तर वरीसभर नाव काढाचं नाही."

"पक्कं?"

"मी अकोटची हाओ. बोलली ते बोलली."

सगळे हसले. मैनाबाईही हसली, कारण तोवर तिला स्वतःच्या गुडघ्यांची पुरती कल्पना आली नव्हती.

त्या हंगामात वेचणीला माणूस मिळत नव्हते. जो तो आपापल्या कपाशीत वाकलेला. मैनाबाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेला ओटी बांधून वेचत राहिली, ती पौष सरेपर्यंत. शेवटचे बोंड वेचून ती सरळ झाली तेव्हा तिचे टोंगळे, म्हणजे गुडघे, सरळ व्हायला तयार नव्हते. बसायला चौकटीचा आधार, उठायला दोन माणसे. लग्न फाल्गुनात.

वच्छलाने हे पाहिले आणि ती चुलीपाशी बसून मुकाट रडू लागली.

"रडू नको वं," मैनाबाई म्हणाली. "मी उभी राहीन. कशी, ते देवाले मालूम."

देवाच्या आधी शेजारणीला मालूम होते. मोर्शीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी ऊनझरी म्हणून जागा आहे. तिथे ऊन पाण्याचे कुंड आहे, बाजूला धर्मशाळा आहे आणि तीन दिवस गळ्यापर्यंत बसले की लाकूडसुद्धा वाकते. मैनाबाईने एकच अट घातली. ही गोष्ट अकोटला कळता कामा नये. ऊनझरीच्या टेकडीवर महादेवाचे देऊळ होते, तेव्हा गावात सांगितले की दर्शनाला जातो. खुशालरावांनी खाचर, म्हणजे बैलगाडी, जुंपली, फेटा बांधला, आणि तिसऱ्या दिवशी ते तिथे पोहोचले.

ती धर्मशाळा कोण्या सरदाराने बांधली असे सगळे सांगत, पण कोणत्या ते कोणी सांगत नसे. दगडी खांब चुलींच्या धुराने काळे कुळकुळीत झाले होते. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या होत्या, त्यांना आता लोक धोतरे बांधत. अर्धे छत दगडाचे, अर्धे गवताचे. खाटांची सुतळी इतकी सैल की माणूस निजला की बाजूने दिसायचाच नाही. पण झऱ्याचे पाणी फरशीखालून वाहायचे, त्यामुळे माघाच्या थंडीत फरशी तव्यासारखी उबदार असायची. सगळ्यात उबदार कोपरा कोणाचा, यावरून पाहुणे, दोन कुत्री आणि एक वासरू यांच्यात रोज वाद व्हायचा. बहुधा वासरू जिंकायचे.

हे सगळे सांभाळायची माणिकबाई माळीण. कुंडातून वाहून जाणाऱ्या कोमट पाण्यावर तिने झेंडूची बाग केली होती आणि पाहुण्यांकडे ती झेंडूच्या रोपांकडे पाहावे तसे पाहायची, कोण जगेल आणि कोण नाही, अशा हिशेबाने.

"एकच कायदा हाय," ती मैनाबाईला म्हणाली. "कुंडाच्या दारात काठी हाय. जो पह्यले आत जाईल त्यानं आपलं कापड काठीवर टाकाचं. धोतर दिसलं तर बाप्पे आत हायेत. लुगडं दिसलं तर बाया. कापड पाह्यचं, मंग पाय टाकाचा. माह्या सासूच्या वक्तापासून आजलोक येकही घोटाळा झाला नाही."

पहिल्या दिवशी मैनाबाई बायकांबरोबर उतरली. पाणी गळ्यापर्यंत आले आणि चार महिन्यांचा वाकलेपणा एकेक करून तिच्या अंगातून निघू लागला. बाहेर आली तेव्हा ती एकटी, कोणाला न धरता, फरशीवर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. असे तिने नऊ वेळा केले. शेवटी वासरू उठून दुसरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनाही हुरूप आला. उजाडताच ते नुसता लंगोट आणि फेटा अशा थाटात सगळ्यांच्या आधी कुंडावर गेले, कायद्याप्रमाणे डोक्यावरचा फेटा सोडला, नीट पसरून काठीवर टाकला आणि आत उतरले.

थोड्या वेळाने चार पुरुष खांद्यावर पंचे टाकून आले. काठीवर वीतभर जरीकाठाचे डाळिंबी लुगडे पाहून अदबीने मान खाली घालून परत गेले. मैनाबाई ओसरीवरून हे पाहत होती. डोक्यावरून सुटल्यावर ते कापड कोणाचे, ते साऱ्या ऊनझरीत तिलाच ओळखू येत होते. ती हसू दाबत कुंडाच्या पायऱ्या उतरली.

आत वाफ इतकी की हाताला हात दिसेना. मधोमध एक टक्कल तरंगत होते.

"अवो," ती म्हणाली, "तुमचं लुगडं पाहून सारे बाप्पे वापस गेले. निंगा आता."

"फेटा होय तो," टक्कल म्हणाले.

"काठीले इचारा काय होय ते. निंगा म्हन्ते ना."

खुशालराव निघणार, तेवढ्यात दारातून कण्हण्याचा आवाज आला. पहाटेच गाडीतून उतरलेली कोणी बाई काठीवरचे लुगडे पाहून निर्धास्त आत शिरली होती आणि एकेक पायरी उतरताना म्हणत होती, "माय वं... माय वं... मेली वं..."

तो आवाज दोघांनीही ओळखला. सुपारी कातरताना ऐकलेला आवाज.

खुशालरावांच्या अंगावर फक्त लंगोट होता. होणारी विहीण पायऱ्यांवर होती. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. त्यांनी मैनाबाईकडे एकदा पाहिले आणि कोपऱ्यातल्या दगडी खांबामागे सरकले. झऱ्याचे तोंड नेमके तिथेच होते. तिथले पाणी अंगावर घ्यायचे नसते, चहा करायचे असते.

पार्बताबाई पाण्यात उतरली आणि वाफेतून मैनाबाईचे तोंड समोर आले.

"इहीनबाई," मैनाबाई म्हणाली. "तुमी इकडं?"

"दर्शनाले आली," पार्बताबाई चटकन म्हणाली. "अन् तुमी?"

"मी बी दर्शनालेच."

"झालं काय दर्शन?"

"नाही अजून. तुमचं?"

"नाही."

"मंग चाला ना, संगंच जाऊ. वर चढाले दोनशेच पायऱ्या हायेत."

कोणीही हलले नाही. पाणी गुडगुडत होते. पार्बताबाईने हळूच विचारले, "उजवा का डावा?"

"दोन्ही," मैनाबाई म्हणाली. "तुमचा?"

"डावा. वेचून वेचून उकलतच नाही. कुकू लावाले आली तवाच दुखत होता, पन तोंड गप बसन तर ना."

मग दोघी हसायला लागल्या. आजी सांगायची, ते हसणे बाहेर झेंडूच्या बागेत ऐकू गेले आणि माणिकबाई तण निंदता निंदता थांबली. हसता हसता मैनाबाईने हात पुढे केले. "पाह्यता काय, धरून?"

दोघींनी हात गुंफले, पावले जुळवली, मागे झुकल्या आणि फिरल्या. पाण्यात माणसाला वजन नसते. जिचा टोंगळा पायरी उतरू देत नव्हता ती आणि जिला उठायला दोन माणसे लागत ती, दोघी भिंगरीसारख्या फिरू लागल्या. पदर पाण्यावर गोल पसरले. कुंडाला लाटा आल्या. एक लाट खांबामागे गेली आणि तिथले उकळते पाणी घेऊन खुशालरावांच्या नाकात शिरली.

खांब शिंकला, मग खोकला, आणि मग म्हणाला, "पुरे करा वं, भाजलो मी."

हात कोणाचे आधी सुटले ते कळलेच नाही. पार्बताबाईने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि पायरीवर बसली. "इवाईबुवा," ती म्हणाली, "तुमचं लुगडं बाहेर काठीवर हाय. नेसून या."

खुशालराव उकडलेल्या रताळ्याच्या रंगाचे होऊन तिच्या पाठीमागून निघून गेले. दोघी दमेपर्यंत पुन्हा हसल्या. तेव्हा मैनाबाईने विचारले, "पोरीले आखजीले काहून धाडत नाही तुमी? खरं सांगा."

पार्बताबाईने डोळ्यांवरचे हात काढले. "चार पोरं हायेत, एक म्हतारा हाय. सारे कपाशीवर बोलतात. माह्यासंगं बोलाले घरात बाईमानूस नाही. आता कुठी एक येऊन राह्यली, अन् तुमी तिले न्यासाठी आतापासून बैल जुंपून बसल्या."

मैनाबाई तिच्याजवळ पायरीवर येऊन बसली. "मंग तुमी बी या आखजीले."

"मी?"

"झोका मोठा हाय आमचा. आपन दोघी मावतो."

"माहं माहेर सरलं, वीस वरसं झाली," पार्बताबाई म्हणाली. "अशी पाहुनी जात असते काय कोनी सुनेच्या मायच्या घरी?" पण हे ती पाण्याला सांगत होती. उठताना म्हणाली, "मांडवात पाहू. बोलली ते बोलली."

फाल्गुनात भातकुलीला मांडव पडला. अक्षता झाल्या, जेवणे झाली आणि बायकांनी दोन्ही विहिणींना मध्ये ढकलले. मुंडावळ्या बांधलेली वच्छला पाटावर बसली होती. फेरे सुरू झाले. बायका मोजू लागल्या. दहा झाले, वीस झाले. दोघींची तोंडे लाल झाली, कोणाचीही पकड ढिली होईना. चाळिसाव्या फेऱ्याला मैनाबाईचा उजवा गुडघा लचकला. आजीने तो लचकताना पाहिला. तिने डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत, म्हणून पुढचेही तिला दिसले. पार्बताबाईची बोटे एकेक करून उघडली. घाम नव्हता, घसरण नव्हती. तिने मूठ उघडली, जशी आपण चिमणीला दाणे टाकायला उघडतो, आणि ती मांडवात मटकन बसली.

"हारली मी," ती म्हणाली. "धाडतो पोरीले. महिनाभर."

बायकांनी एकच गलका केला. मैनाबाई उभी होती, पण या वेळी तिने 'आता कोन येते' असे विचारले नाही.

मग विहिणीचा मान म्हणून लुगडे द्यायची वेळ आली. तीन लुगडी ताटात मांडली. पार्बताबाईने तिन्ही बाजूला सारली आणि खुशालरावांच्या डोक्याकडे बोट दाखवले. "मले ते पाह्यजे."

"फेटा होय हा," खुशालराव म्हणाले. भर मांडवात त्यांनी तो सोडला आणि ताटात ठेवला. पुढे आयुष्यभर ते साधे पांढरे पागोटे बांधत.

वैशाखात अकोटहून खाचर आली. आधी वच्छला उतरली. तिच्या मागून, डाव्या पायावर जपून, डाळिंबी जरीकाठाचे लुगडे नेसलेली पार्बताबाई उतरली. चिंचेला बांधलेला झोका मैनाबाईने पदराने पुसला आणि एका बाजूला सरकून जागा केली.

महिना सरला तेव्हा दोघींना न्यायला खाचर आली. वच्छला सामान घेऊन बसली. पार्बताबाई अंगणात आली, बैलांना हात लावला आणि गाडीवानाला म्हणाली, "पोरीले ने तू. म्हताऱ्याले सांग, टोंगळा अजून दुखून राह्यला." आणि ती भरभर चालत झोक्याकडे गेली.