विकत आणून लावलेलं गवत

शालन आक्का,

आईला घेऊन मी गाव सोडलं त्या सकाळी तू गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणालीस, "आठ दिवसांत परत आणून सोडशील बघ." आई तर गाडीत बसायलाच तयार नव्हती. बसली ती मांडीवर खुरपं घेऊनच. पुण्यात खुरपं कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "असू दे. खात न्हाय ते."

बावीस वर्षांपूर्वी मी निघालो तेव्हा हीच आई म्हणाली होती, "सुटलास बाबा खुरपणीतनं." खरंच सुटलो होतो. आठव ना, सुट्टीचा दिवस आला की आपण दोघं उन्हात पात धरून तण काढत बसायचो. जन्मात पुन्हा गवताला हात लावणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आणि आता धायरीच्या माझ्या रो हाउसपुढे दोन बाजा मावतील एवढी बाग आहे, आणि तुझ्या भावजयीने, माधवीने, त्यात नर्सरीतून आणून गवतच लावलं. हसू नकोस. शोभेचं गवत असतं. सोबत पांढरे गोटे, एक छोटं कारंजं आणि कुणीच बसत नाही असा बाक. तिचं बालपण नारायण पेठेत, डब्यातल्या तुळशीशेजारी गेलेलं. यातलं निम्मं गवत आपल्या बांधावर आपोआप उगवतं, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

आई आली आणि आम्ही तिला आराम दिला. स्वयंपाकाला बाई, कपड्यांना मशीन. "आई, तुम्ही नुसतं बसा," असं माधवी दिवसभर म्हणायची. आई चार दिवस त्या बाकावर हात मांडीत घेऊन बसली. पाचव्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी आलो तर वाफा तळहातासारखा स्वच्छ. एकेक ठोंब मुळासकट उपटून, माती झटकून, पुन्हा धरू नये म्हणून मुळं वर करून उन्हात टाकलेले. आई खुशीत होती. "केवढं माजलं हुतं. कुणाचं ध्यानच न्हाय. थोडं मागच्या गोठ्यात दिलं, पर म्हशीनं तोंड लावलं न्हाय."

माधवीने एक ठोंब उचलून बघितला. पेठेतली माणसं ओरडत नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटते. मग ती हळूच म्हणाली, "आई, ते आम्ही लावलं होतं."

"गवत? लावलं हुतं?" आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. आत गेली आणि पिशवीत लुगडी कोंबायला लागली. "मला हितलं काय बी कळत न्हाय रं. उद्या सोड मला." आक्का, मी घाबरलो. तुझं खरं होणार म्हणून नव्हे. तू तुझ्या सासरी, गावातल्या रिकाम्या घरात ती एकटी काय करेल, म्हणून.

माधवी दारातून म्हणाली, "जायचं तर जा. पण उपटलंय तुम्ही, तेव्हा आधी लावून द्या. आम्हाला अक्कल असती तर एवढं दाट लावलं असतं का?"

आई थांबली. "दाटच हुतं," म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवली.

सकाळी दोघी चिखलात बसल्या. आईने ठोंब फोडून वीतभर अंतरावर लावले. निम्मे मेले, निम्मे धरले. आता कारंज्याच्या पाण्यावर त्यात हरळी माजते आणि आई रोज ती काढते. "पाणी उगं नाचतंय" म्हणून तिने कारंजं दोनदा बंदही केलं. गोठ्यातल्या बाईला ठसक्यात सांगते, "हात लावू नगं, इकत आणल्यालं गवत हाय."

घर म्हणजे जिथे काही करावं लागत नाही ते, असं मी इतकी वर्षं समजत होतो आणि आईलाही तेच देत होतो. चुकलंच माझं. तू फोनवर सारखी विचारतेस म्हणून काल भीत भीत विचारलं, गावाला कधी सोडू?

तिने वाफ्यातून मान वर केली नाही. "शालनला म्हणावं, इतक्यात न्हाय जमायचं. हितं तण लई हाय."