खैरुनबीची बेल

न्हाणीत पाय घसरून खैरुनबीचा खुबा दुखावला, तेव्हापासून तिच्या लेकानं, करीमनं, एकच धोशा लावला. "अम्मा, एकटं ऱ्हायाचं न्हाय. शिरोलीला चल." तो तिथं एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता.

"तुझ्या त्या खोलीत काय करू?" खैरुनबी खेकसली. "इथं माझं शिलाई मशीन हाय, गिऱ्हाइकं हायत. मी न्हाय येत जा."

शेवटी हार मानून करीमनं तिच्या पलंगाजवळ एक दोरी सोडली. दोरी ओढली की भिंतीपलीकडं शेजारणीच्या, धोंडुबाईच्या स्वयंपाकघरात बेल वाजायची. धोंडुबाईही एकटीच राहायची. "पडलीस, दम लागला, तर ओढ," करीम बजावून गेला.

दुसऱ्याच दिवशी खैरुनबीनं त्या दोरीवर ओला टॉवेल वाळत घातला. बेल खणाणली. धोंडुबाई पिठाच्या हातानं धावत आली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. टॉवेल हाय."

"टॉवेल? तिकडं तव्यावर भाकरी करपली की माझी!"

मग मांजरानं दोरीशी खेळ मांडला. मग उशी सरकवताना कोपर लागलं. धोंडुबाई दर वेळी धापा टाकत यायची आणि शिव्या घालत जायची. खैरुनबीचंही डोकं फिरलं. मी मेलो का बघायला दिवसभर माणूस दारात! एका दुपारी तिनं ठरवलं, धोंडुबाईकडूनच ही दोरी तोडून घ्यायची. तिनं बेल वाजवली. कुणी आलं नाही. परत वाजवली.

"आता बरी रुसली!" काठी टेकत, चरफडत खैरुनबी स्वतःच निघाली. पडल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

धोंडुबाई चुलीपाशी आडवी पडली होती. पाय मुरगळून सुजला होता.

"वाजीव, आणखी वाजीव!" ती पडल्या पडल्या ओरडली. "कवाधरनं ऐकायलोय, उठायाच येईना मला!"

खैरुनबीनं दारात येऊन हाका मारल्या. गल्लीतली माणसं धावली, रिक्षा आली, धोंडुबाईच्या पायाला प्लास्टर पडलं.

सुट्टीला आलेल्या करीमनं उलट बाजूनंही, धोंडुबाईच्या पलंगापासून, दोरी लावली. आता खैरुनबीच्या घरातही बेल आली. तेव्हापासून तिला घास गोड लागेना. धोंडुबाई उठली की वाजवायची, चहा झाला की वाजवायची, कंटाळा आला तरी वाजवायची.

"काढ ही बला!" पुढच्या सुट्टीला लेक आला, तेव्हा खैरुनबीनं फर्मावलं.

करीम पक्कड घेऊन स्टुलावर चढला.

"अरं, तोडतोस काय?" खैरुनबी कडाडली. "ती तिकडं पडून ऱ्हायली म्हंजे? आवाज बारका कर की जरा!"