मत कोणाला, हे न विचारणाऱ्या कुमुदताई

हा लेख लिहायची पाळी माझ्यावर माझ्या मुलीमुळे आली. कुमुदताई निमकर यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी संपादकांनी लेख मागितला तो अमेरिकेत राहणाऱ्या मुक्ताकडे. शाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर सारी नोकरी काढलेल्या माझ्याकडे नाही. मुक्ताचा फोन आला. “आई, माझं मराठी लिहिण्याइतकं नाही. यू राइट इट. पण मावशींबद्दल लिही, तुझ्याबद्दल नको.” सूचना शक्य तेवढी पाळते.

इथे आखातात, मनाम्यातल्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायला रुजू झाले, तेव्हा कुमुदताई तिथे गणित शिकवत होत्या. मी कुठे राहते, कशी आले आणि परत कशी जाणार, एवढेच त्यांनी विचारले आणि शाळा सुटल्यावर मला आपल्या गाडीने सनाबिसला घरी सोडले. माझे शिक्षण, माझा पहिला वर्ग याबद्दल चकार शब्द नाही. मला ते खटकले. आजही आमचे जुने विद्यार्थी मॉलमध्ये भेटतात. मला “गुड ईव्हनिंग, मॅम” म्हणतात आणि कुमुदताईंच्या पाया पडतात.

त्यांच्या कामाची पद्धत इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत सर्वांनी पाहिली. आपल्या मंडळात भांडायला सगळे असतात, मत द्यायला कोणी येत नाही. मी भाषणांतून मतदानाचे महत्त्व सांगत असे. कुमुदताई फोन करत. सित्र्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या रत्नागिरीच्या इक्बालभाईंशी त्यांचे बोलणे मी शेजारी बसून ऐकले आहे.

“शिफ्ट सुटली की गेटवर उभे राहा, गाडी येईल. सोबत कोण कोण आहे?”

“चौघे आहोत, ताई. पण मत कोणाला द्यायचं ते तरी सांगा.”

“ते तुमचं तुम्ही बघा. जेवून येणार की इथे जेवणार?”

सभागृह भरले. त्या वर्षी अध्यक्षपदाला मी उभी होते, आणि गाड्यांतून आलेल्यांनी मला पाडले. “माझं नाव तरी घ्यायचंत,” मी म्हणाले. “अगं निर्मला, तू उभी आहेस हे सगळ्यांना माहीत होतंच की,” असे म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली.

त्यांचा धाकटा मुलगा आणि माझी मुक्ता अमेरिकेतल्या एकाच मध्यम आकाराच्या शहरात राहतात. तिथे नदीच्या एका तीरावर विद्यापीठ आहे आणि दुसऱ्या तीरावर कारखाने. एक तीर एका पक्षाचा, दुसरा दुसऱ्याचा. राष्ट्राध्यक्ष निवडायचा असला की दोन्हीकडे रांगा लागतात. शहराची परिषद किंवा शाळामंडळ निवडायचे असले की दोन्हीकडे शुकशुकाट.

कुमुदताई तिथल्या मतदार नाहीत, मुलाकडे जाऊन राहणाऱ्या पाहुण्या आहेत. प्रचारात त्या पडल्या नाहीत. त्यांना एवढेच दिसले की शेजारच्या आयांना लेकरे टाकून मत द्यायला जाता येत नाही. “मुलांना माझ्याकडे ठेवा आणि जाऊन या,” त्यांनी मुलाकरवी निरोप दिला. अंगणात एका पक्षाची पाटी लावलेल्या घरातली मुले आली, समोरच्या पक्षाच्या घरातलीही आली. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून त्यांनी वरणभात वाढला. “सिट. ईट. मम्मी कमिंग.” त्यांचे इंग्रजी एवढेच, आणि ते पुरले.

मुक्ताने परिषदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले ते त्या दिवशी. मी तिला लहानपणापासून नागरिकाची कर्तव्ये शिकवत आले. ती गेली, कारण कुमुदताईंनी तिची लेक अन्वी सांभाळली. मला याचा हेवा वाटतो. गौरवलेखात असे लिहीत नाहीत, पण मला वाटतो.

यंदा मुक्ता तिथल्या शाळामंडळाला उभी आहे. हे मला मनाम्याच्या बाजारात, भेंडी निवडताना कळले.

“मुक्ता उभी राहतेय ते बरं केलं,” कुमुदताई म्हणाल्या.

“कुठे?”

त्यांनी हातातली भेंडी परत ठेवली. मग म्हणाल्या, “मला वाटलं, तुला सांगितलं असेल.”

“कोणत्या बाजूने?”

“ते मी नाही गं विचारलं.”

मी मात्र घरी येताच फोन करून तेच विचारले. “म्हणूनच सांगितलं नव्हतं,” मुक्ता म्हणाली. “यू विल स्टार्ट अ डिबेट.” मला मते आहेत आणि मी ती सांगते. पण माझी मुलगी निवडणूक लढवते आणि मला ते भाजीच्या दुकानात कळते, हे मला पुन्हा नको आहे.

गेल्या महिन्यात कुमुदताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मतदानाच्या आठवड्यात अन्वीला कोण बघणार? कुमुदताईंनी मुक्ताला सांगितले, “आईला बोलाव.” माझी आठवणसुद्धा त्यांनीच करून दिली. मुक्ताने मला विचारले, पण अटीवर: “पार्टीवरून काही बोलायचं नाही. खलास.” मी हो म्हटले आहे. पाळणार आहे.

कुमुदताईंचा गुडघा लवकर बरा होवो आणि त्यांना निरोगी, मोठे आयुष्य लाभो. पुढच्या निवडणुकीला त्या स्वतः जाण्याइतक्या ठणठणीत असोत, हेही मनापासून म्हणते. मात्र तेव्हा आम्ही दोघी मिळून जाऊ.

काल त्यांच्या घरी झालेल्या देवघेवीची नोंद करून थांबते. मी त्यांना दिले: एक शाल आणि हा लेख. लेख त्यांनी माझ्यासमोरच वाचला आणि हेव्याचे वाक्य राहू दे म्हणाल्या. त्यांनी मला दिले: मुक्ताच्या घराची किल्ली. मुक्ताने ती त्यांना दिलेली होती, हे मला काल कळले. किल्ली मिळाली.