तोंडात तेल असताना

आमच्या सासूबाई रोज सकाळी पाव तास मुक्या असत, आणि त्या पाव तासाचा मी फायदा घेत असे. हे आज लिहितानाही लाज वाटते.

फुलंब्रीचं घर आणि शेत थोरल्या दिरांवर सोडून त्या आमच्याकडे, सिडकोतल्या दोन खोल्यांत राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात एक पितळी वाटी आणि घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची बरणी होती. उठल्यावर, चहाच्याही आधी, चमचाभर कोमट तेल तोंडात घ्यायचं आणि मागच्या पायरीवर बसून ते गालांतून खेळवत राहायचं. पिवळं तेल पातळ होऊन दुधासारखं पांढरं झालं की मगच थुंकायचं. दारात कोणी येवो, चुलीवरचं दूध उतू जावो, आत्याबाई अर्ध्यात थुंकत नसत. मी त्यांना आत्याबाईच म्हणायची.

ही सवय त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला माहेरच्या वैद्यांनी लावली होती. दोघी समोरासमोर बसत, आणि जिला आधी हसू फुटेल ती हरली. धाकटी रोज हरायची. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती सोयगावला गेली, तोवर हा खेळ चालू होता. हे सांगताना आत्याबाई अशा हसत की त्यांची शाबूत बत्तिशी दिसे. माझे तिशीतच दोन दात भरून झाले होते, तरी टूथपेस्टवाली म्हणून शहाणी मीच.

आत्याबाईंना न आवडणारं जे काही असेल ते मी त्यांच्या तोंडात तेल असताना सांगायची. माहेरी चार दिवस जास्त राहणार आहे, यंदा हळदीकुंकू जमणार नाही, असलं काहीबाही. त्या भुवया उंचावत, हात हलवत, हुं हुं करत. मी तो होकार धरायची आणि पिशवी उचलून शाळेत शिकवायला जायची. संध्याकाळपर्यंत त्यांचा राग निवलेला असे. नवऱ्याला मी ही युक्ती मोठ्या कौतुकानं सांगितली होती. तो हसला नव्हता.

त्या वर्षी शाळेची तपासणी होती आणि साहेबांसमोर धडा मी घेणार होते. पंधरा दिवस तक्ते रंगवत होते. नवरा दौऱ्यावर होता. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई देवळात गेलेल्या असताना शेजारच्यांकडे सोयगावहून फोन आला. मावशींचा, म्हणजे आत्याबाईंच्या त्या धाकट्या बहिणीचा, मुलगा बोलत होता.

"आईचं काय खरं नाय वहिनी. सारखं मावशीचं नाव घेती. उद्याच्या उद्या घेऊन या."

आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे एसटीची पाटी वाचता येत नसे. न्यायचं तर मलाच न्यायचं होतं. फोन ठेवताना मला आधी मावशी आठवल्या नाहीत, तक्ते आठवले. त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. भाकरी वाढली, त्या जेवल्या आणि झोपल्या.

सकाळी त्या पायरीवर बसल्या, तेल तोंडात घेतलं, तेव्हा मी साडीच्या निऱ्या नीट करत सांगितलं की मावशींना जरा बरं नाही, रविवारी मी स्वतः तुम्हाला घेऊन जाते. 'जरा' माझं होतं, रविवारही माझाच होता. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. तेल तोंडात असताना त्या कधी उठत नसत. मी तक्त्यांची गुंडाळी काखेत मारली आणि बाहेर पडले.

फाटकाबाहेर दहा पावलं गेले असेन, मागून आवाज आला.

"अगं थांब. जरा म्हंजी किती?"

मला ते स्पष्ट ऐकू आलं. बस चुकेल असं मी मनाशी म्हटलं आणि मान वळवली नाही.

धडा छान झाला. साहेबांनी तक्ते वाखाणले. संध्याकाळी घरी आले तर फाटकाजवळच्या फरशीवर तेलाचा डाग होता, पिवळाधमक, आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. आत्याबाई आत गाठोडं बांधून बसल्या होत्या. शेजारच्यांकडे पुन्हा फोन आला होता. मावशी दुपारीच गेल्या होत्या.

सोयगावला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मावशींचा मुलगा मला एक शब्द बोलला नाही. आत्याबाईंशी तो काय बोलला, ते मला आजही माहीत नाही. येताना त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी चोरासारखी बसले होते.

आठ दिवस त्यांनी तेलाला हात लावला नाही. नवव्या दिवशी मीच वाटीत तेल कोमट करून पुढे ठेवलं. त्यांनी वाटी उचलली, पण तोंडाला लावली नाही.

"आधी तू बोलून घे," त्या म्हणाल्या. "काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले तरी असते. 'उद्याच्या उद्या' हे दोनच शब्द सांगायचे राहिले होते, आणि तुमची हाक मला ऐकू आली होती, एवढंच. मी म्हणाले, "नाही आत्याबाई, काही नाही." मग त्यांनी तेल घेतलं.

पुढे अकरा वर्षं रोज सकाळी त्यांनी हे विचारलं आणि रोज मी तेच उत्तर दिलं. माझ्या धाडसाची तेवढीच मजल. शेवटच्या महिन्यात त्यांना उठवत नव्हतं, बोलणंही बंद झालं होतं, तरी तेल हवं असे. मी नुसतं बोटभर तेल हिरड्यांना लावून द्यायची. बोट ओठांशी नेलं की त्या तोंड घट्ट मिटून घेत आणि माझ्याकडे बघत राहत. मी 'काही नाही' म्हटल्यावरच तोंड उघडत.