मामाचा हूक

माझा मामा लाइनमन. विजेच्या खांबावर चढला की आधी कमरेच्या पट्ट्याच्या दोराचा हूक अडकवायचा, मग बाकीचं सगळं. उभा जन्म हेच केल्यामुळे त्याचा हात घरीही गप्प बसत नाही. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढला तरी कंबर चाचपतो. मामी म्हणते, "झोपतानाही पलंगाला अडकवून घ्या, म्हणजे मी निर्धास्त!"

मागे तलावात उभ्या असलेल्या खांबांचं काम निघालं. तिथे होडीतून जायचं. होडीत नियम उलटा: अंगात लाइफ जॅकेट हवं, आणि स्वतःला कशालाही अडकवायचं नाही. मामाने मान डोलावली, होडीत बसला, आणि त्याच्या हाताने गुपचूप होडीच्या कडीत हूक घातला. त्याला पत्ताच नाही! वाऱ्याने होडी उलटली. बाकीचे बुचासारखे वर आले, मामा मात्र होडीखाली अडकला. होडी चालवणाऱ्या बाईंनी बुडी मारून दोर कापला, म्हणून आज मला मामा आहे.

तेव्हापासून होडी सोडण्याआधी बाई प्रत्येकाचा दोर कमरेपासून टोकापर्यंत हाताने चाचपतात. नुसतं विचारून त्यांचं समाधान होत नाही. मामाला ते भारी झोंबायचं. मलाही नवल वाटायचं. मरता मरता वाचलेला माणूस पुन्हा तीच चूक कशी करेल? शेवटी न राहवून एक दिवस मी त्याच्याबरोबर तलावावर गेले.

मामा होडीत बसला. "हूक?" बाईंनी विचारलं.

मामाने दोन्ही हात वर केले. "मोकळा आहे हो! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सगळे हसले. बाईंचा हात दोरावरून सरकत गुडघ्यामागे गेला, मग फळीखाली, आणि तिथेच थांबला. हूक कडीत होता.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी हूक सोडवून त्याच्या हातात दिला. मामाने तो क्षणभर धरला, मग कमरेचा अख्खा पट्टाच काढून त्यांच्यापुढे केला. "खांब येईपर्यंत तुमच्यापाशीच ठेवा."

होडी निघताना तो मला म्हणाला, "मामीला सांगू नकोस हं."

मी घरी जाऊन आधी तिलाच सांगितलं. या वेळी तिने थट्टा केली नाही.